शेवटचे पान नसलेली पोथी

शास्त्रभाग : प्रकटीकरण २२:१६–२१. सोबत वाचावे : उत्पत्ती ३:२२–२४, प्रकटीकरण २०:१२–१५, २२:१, २ व १४.



ज्या उपदेशकास थोडेबहुत इंग्रजी येते, त्याने १६११ साली प्रसिद्ध झालेले जुने इंग्रजी शास्त्र उघडून प्रकटीकरणाच्या शेवटल्या अध्यायातील १९ वे वचन वाचावे. ह्या भविष्यवादाच्या पुस्तकातून जो कोणी काही काढून टाकील, त्याचा वाटा देव ‘जीवनाच्या पुस्तकातून’ काढील, असा त्याचा आशय आहे. मग त्याच इंग्रजी भाषेतील १८८१ सालचा सुधारलेला नवा करार घ्यावा. तेथे ‘पुस्तक’ हा शब्द नाही, ‘जीवनाचे झाड’ असे आहे. मंडळीतील एखादा चौकस तरुण विचारील, ‘दादा, वचन एकच, तर शब्द दोन कसे? आणि ज्या वचनात शास्त्रात काही वाढवू नये व त्यातून काही काढू नये अशी ताकीद आहे, नेमक्या त्याच वचनात हा फेर कसा पडला?’

अशा प्रश्नकर्त्यास अविश्वासी म्हणून गप्प बसविणे बरे नव्हे. मनचे काही तरी सांगून वेळ मारून नेणे तर त्याहून वाईट होय. प्रश्न खरा आहे व त्याचे उत्तरही ठाऊक आहे. ते एका जुन्या ग्रीक पोथीच्या इतिहासात सापडते. तो इतिहास आजच्या पाठात पाहू.

१. पोथी कशी होती

नवा करार प्रथम ग्रीक भाषेत लिहिला गेला. छापण्याची कला निघण्यापूर्वी सुमारे चौदाशे वर्षे त्याच्या प्रती हातानेच उतरून घेत असत. आरंभीच्या शतकांतील प्रती मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेल्या आढळतात. पुढे नवव्या शतकापासून लहान व एकमेकांस जोडलेल्या अक्षरांची लिपी प्रचारात आली. तिच्यामुळे लिहिणे जलद होऊ लागले व चर्मपत्रही कमी लागू लागले. मध्ययुगातील बहुतेक ग्रीक पोथ्या ह्याच लिपीत आहेत.

आपली पोथी त्यांपैकीच एक असून ती बाराव्या शतकातील आहे. विद्वानांच्या यादीत तिचा क्रमांक २८१४ हा होय. तिच्यात सबंध नवा करार नाही. केवळ प्रकटीकरणाचे पुस्तक आहे, व त्याजबरोबर कप्पदुकिया प्रांतातील कैसरिया येथील बिशप आंद्रिया ह्याने केलेली टीका आहे. मूळ वचने व त्यांवरील टीका ही एकापुढे एक अशी लिहिलेली असल्यामुळे शास्त्राचे शब्द कोठे संपतात व टीकाकाराचे कोठे सुरू होतात, हे वाचणाऱ्यास चटकन उमगत नाही. ह्याखेरीज तिच्यात एक मोठे व्यंग होते. तिचे शेवटचे पान गळून गेले होते. २२ व्या अध्यायाच्या १६ व्या वचनाच्या मध्यावर ती तुटते. पुढील मजकूर, म्हणजे २१ व्या वचनापर्यंतचा सर्व भाग, तिच्यात नाही.

२. बाझेल येथील घाई

पंधराव्या शतकाच्या मध्यास युरोपात सुट्या खिळ्यांनी छापण्याची कला आली, व प्रथम लॅटिन शास्त्र छापले गेले. परंतु ग्रीक नवा करार छापून विक्रीस आलेला नव्हता. स्पेन देशात आल्काला येथे विद्वानांच्या एका मंडळाने तो १५१४ साली छापून तयार केला होता, पण तो लोकांच्या हाती पडण्यास आणखी काही वर्षे लागली. तितक्यात स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी योहान फ्रोबेन नावाच्या छापखानेवाल्याने हे काम हाती घेतले, आणि डेसिडेरियस इरॅस्मस ह्या डच पंडिताकडे ते सोपविले.

इरॅस्मसास बाझेल येथे ज्या ग्रीक पोथ्या मिळाल्या, त्या थोड्या होत्या व बहुतेक मध्ययुगातल्याच होत्या. त्यांत प्रकटीकरणाची एकही नव्हती. तेव्हा त्याने योहान रॉयख्लिन ह्या जर्मन पंडिताकडून वर सांगितलेली पोथी मागून घेतली. संपूर्ण नवा करार छापून काढावयाचा, आणि त्या शेवटच्या पुस्तकासाठी हाताशी पोथी काय ती एकच! तिच्यातील टीका वगळून केवळ शास्त्रवचने छापखान्यासाठी वेगळी उतरवून घेण्यात आली. ह्या उतारणीत नकलनविसाच्या हातून चुका झाल्या.

मग शेवटचे पान आले. म्हणजे ते नाहीच असे आढळले. दुसरी पोथी शोधण्यास वेळ नव्हता. इरॅस्मसाने काय केले? पश्चिमेकडील मंडळ्यांत शतकानुशतके चालत आलेले लॅटिन भाषांतर त्याने पुढे घेतले, व तेवढ्या वचनांचे लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये भाषांतर करून ती रिकामी जागा भरली. १ मार्च १५१६ रोजी ग्रंथ पुरा झाला. छपाई सुमारे सहा महिन्यांत उरकली होती. आपला ग्रंथ सिद्ध होण्यापेक्षा घाईने ढकललाच गेला, असे पुढे इरॅस्मसाने स्वतःच लिहिले.

त्याने ही गोष्ट लपवून ठेवली असे मात्र नाही. काही शब्द लॅटिनवरून घातल्याचा उल्लेख त्याने आपल्या टिपांत केला, व एडवर्ड ली नावाच्या इंग्रज टीकाकारास १५२० साली उत्तर देताना ती उघड सांगितली. तरी ज्या पृष्ठावर ते शब्द छापले, त्या पृष्ठावर खूण नव्हती. वाचणाऱ्याने ते प्रेषितकालीन ग्रीक म्हणूनच वाचले.

३. दोन अक्षरांचा फरक

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. ग्रीक पोथ्यांत ह्या ठिकाणी ‘क्सुलोन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ लाकूड अथवा झाड. लॅटिनमध्ये झाडासाठी येथे ‘लिग्नो’ हा शब्द येतो, आणि पुस्तकासाठी ‘लिब्रो’. दोन्ही शब्दांत पाच अक्षरे; पहिली दोन तीच, शेवटचे तेच, फरक मधल्या दोन अक्षरांचाच. आपल्या लिपीत ‘मरण’ व ‘भरण’ हे शब्द घाईने लिहिले तर एकाच्या जागी दुसरा वाचला जातो, आणि ‘घन’ हे ‘धन’ होते. तसेच तेथे झाले. कोण्या जुन्या लॅटिन नकलनविसाने ‘झाड’ ह्याचे ‘पुस्तक’ केले. प्रकटीकरणात जीवनाचे पुस्तक इतर ठिकाणीही आलेले असल्यामुळे ती चूक कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. इरॅस्मसाच्या हाती जी लॅटिन प्रत होती तिच्यात ‘लिब्रो’ होते, व त्याने त्याचे सरळ ग्रीक केले. अशा रीतीने पूर्वीच्या ग्रीक पोथ्यांत नसलेला शब्द छापील ग्रीक शास्त्रात शिरला.

त्या सहा वचनांतील सर्वच फेर असे नाहीत. १६ व्या वचनात प्रभूस पहाटेचा तारा म्हटले आहे. तेथे इरॅस्मसाने ‘पहाटेचा’ ह्या अर्थाचा एक ग्रीक शब्द घातला, व जुन्या पोथ्यांत त्याच अर्थाचा दुसरा आहे. त्याने अर्थास काहीच बाध येत नाही. परंतु १९ व्या वचनात अर्थाचा धागा तुटतो. त्याच अध्यायाच्या २ ऱ्या व १४ व्या वचनांत जीवनाचे झाड व नगर ही जवळ जवळ आली आहेत, आणि १९ व्यातही नगराचाच उल्लेख आहे. एदेन बागेत ज्या झाडाची वाट बंद झाली, ती वाट शास्त्राच्या अखेरीस पुन्हा उघडते. शेवटची ताकीद त्याच झाडाविषयी आहे. ‘पुस्तक’ वाचले असता हा संबंध दिसेनासा होतो.

४. चूक कशी टिकली व कशी उघड झाली

इरॅस्मसाने पुढे आपला ग्रंथ अनेकदा सुधारला. स्पेनमधील ग्रंथ हाती आल्यावर १५२७ च्या आवृत्तीत त्याने प्रकटीकरणात सुमारे ९० ठिकाणी दुरुस्ती केली. तथापि शेवटच्या वचनांतील त्याचे स्वतःचे काही शब्द तसेच राहिले. नंतरचे छापणारे एकमेकांच्या मागून गेले. १६३३ साली हॉलंडातील एल्झेविर छापखान्याने हा सर्वांनी स्वीकारलेला पाठ होय असे म्हटले, आणि तेच नाव पुढे रूढ झाले. १६११ चे इंग्रजी भाषांतर अशाच छापील ग्रीकवरून झालेले होते. छापलेले ते खरे, आणि पुष्कळांनी छापले ते अधिक खरे, असा मनुष्याचा समज सहज होतो. पण शंभर छापील प्रतींच्या मुळाशी जर एकच पोथी असेल, तर साक्षीदार शंभर नव्हेत, एकच होय.

इकडे ती पोथी दृष्टीआड झाली. पुढे १८६१ साली फ्रान्झ डेलिच ह्या जर्मन पंडितास ती बव्हेरियातील मायहिंगेन येथे, एटिंगेन-वालरस्टाइन घराण्याच्या ग्रंथसंग्रहात आढळली. शेवटचे पान खरोखरच नव्हते. त्याने छापील पाठ पोथीशी ताडून पाहिला, तेव्हा हेही दिसून आले की छापील पाठातील काही चुका पोथीच्या नव्हत्याच. त्या मागाहून झालेल्या होत्या. १९८० साली बव्हेरिया राज्याने तो ग्रंथसंग्रह विकत घेतला, आणि ती पोथी ऑग्सबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली.

त्याच एकोणिसाव्या शतकात अतिप्राचीन पोथ्यांचाही अभ्यास झाला. सीनाय पर्वताच्या मठातील चौथ्या शतकातील पोथी व आलेक्सांद्रियाची म्हणून प्रसिद्ध असलेली पाचव्या शतकातील पोथी ह्या दोहोंत प्रकटीकरण आहे, व दोहोंतही ह्या ठिकाणी ‘झाड’ असेच आहे. म्हणून १८८१ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तोच शब्द घेतला. त्यांनी शास्त्रात नवीन काही घातले नाही. जे मागाहून शिरले होते ते काढून जुने ते परत आणले.

५. ह्यापासून काय शिकावे

पहिली गोष्ट : शास्त्राचे रक्षण एका निर्दोष पोथीने झालेले नाही, पुष्कळ पोथ्यांनी झाले आहे. नव्या कराराचे ५,००० हून अधिक ग्रीक हस्तलेख आज नोंदलेले आहेत, व प्रकटीकरणाचे सुमारे ३०० आहेत. एका पोथीचे पान गळाले, पण तेच पान इतरांपाशी होते. एकाचा हात चुकला, तर दुसऱ्याच्या साक्षीने ती चूक समजते. गावच्या पंचायतीत एका साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा होत नाही. अनेकांस वेगवेगळे विचारून खरे काय ते ठरवितात. तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट : घाईने भरलेली जागा पुढे शतकानुशतके निस्तरावी लागते. इरॅस्मस विद्वान होता व त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या ग्रंथामुळेच अनेक देशांतील लोकांस मूळ भाषेतील नवा करार पाहावयास मिळाला. तरी ‘येथे पान नाही’ असे त्या पृष्ठावर छापले असते तर वाचणारा सावध राहिला असता. जो शिकवितो त्याने आपणास ठाऊक असलेले कोणते व आपण जुळविलेले कोणते, हे वेगळे सांगावे. उपदेशात शास्त्राचे वचन व आपले स्पष्टीकरण ह्यांची सरमिसळ झाली, तर ऐकणाऱ्यांची स्थिती त्या पोथीच्या नकलनविसासारखी होते.

तिसरी गोष्ट : मुळाकडे जाण्याचे श्रम व्यर्थ नाहीत. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाई ह्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्यांचा अंत झाला, आणि १९२४ साली ते भाषांतर संपूर्ण प्रसिद्ध झाले. सर्वांस तितकी विद्या साध्य नाही. पण दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचणे प्रत्येक उपदेशकास साध्य आहे.

तेव्हा तो तरुण पुन्हा विचारील तर त्यास सांगावे : ‘बाबा, तू विचारलेस ते बरे केलेस. येथे चूक झाली होती, ती कशी झाली हे ठाऊक आहे, आणि ती दुरुस्त झाली आहे.’ जो आपल्या ग्रंथातील चूक उजेडात आणण्यास भीत नाही, त्याच्या इतर साक्षीवर लोक अधिक विश्वास ठेवतात.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मराठी शास्त्रात प्रकटीकरण २२:१९ मध्ये ‘झाड’ आहे की ‘पुस्तक’? घरी अथवा मंडळीत निरनिराळ्या भाषांतरांच्या प्रती असल्यास सर्व ताडून पाहा.
२. उत्पत्ती ३:२२–२४ व प्रकटीकरण २२:१४ एकत्र वाचून जीवनाच्या झाडाकडे जाण्याची वाट कशी बंद झाली व कशी उघडली, हे आपल्या शब्दांत सांगा.
३. शंभर छापील प्रती व एक जुनी पोथी ह्यांत कोणाची साक्ष अधिक वजनदार, हे केव्हा व कसे ठरवावे?
४. गेल्या उपदेशात आपण जे सांगितले, त्यात शास्त्राचे किती व आपले किती होते?