मूळ संख्या की संयुक्त?

प्रश्न: ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला २, ३, ५, ७, ११ ने भागून पाहिले, बाकी उरतेच. ही मूळ संख्या आहे का?

उत्तर: नाही. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकात फर्मा यांनाही ती मूळ वाटली होती. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिचे अवयव पाडले: ६४१ × ६७,००,४१७. तिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ ने मोठा असतो, हेही त्यांनी सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच तपासा. पाचव्या भागाकारात बाकी शून्य! दोन्ही अवयव मूळ असल्याने विभाजक चारच. मोठी संख्या दिसली की आधी तिची घडण पाहा. निम्मे काम तिथेच होते.