बाळाचे हात गार, म्हणून बाळ गार?

प्रश्न : आमचा नातू सव्वा महिन्याचा आहे. जन्मतः वजन पावणेतीन किलो, दूध व्यवस्थित पितो. पण डिसेंबर लागल्यापासून रात्री त्याचे हात-पाय गार लागतात. म्हणून मी त्याला कुंची, मोजे, दोन स्वेटर घालते आणि वरून जुन्या इरकली लुगड्यांची कौदी पांघरते. सून म्हणते, डॉक्टरांनी एवढे घालू नका म्हणून सांगितले आहे. विहीणबाईंचे म्हणणे, बाजेखाली शेगडी हवीच. पुण्याची लेक फोनवर म्हणते, हीटर घ्या. चौघींत खरी कोण? ता. क. मोहरीची उशी चालते ना?
— एक आजी, मालमड्डी, धारवाड

उत्तर : आजी, तुमच्या घरात मते चार आणि बाळ एकच, त्यामुळे चारही मते बिचाऱ्याच्याच अंगावर चढत आहेत. तुमच्या पत्रात खरे तर दोन प्रश्न आहेत. हात-पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजते का, हा पहिला. आणि वाजत असेल तर ऊब आणायची कुठून, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर : हातांवरून बाळाची थंडी ओळखता येत नाही. तान्ह्या बाळाचे रक्ताभिसरण अजून घडी बसवत असते. जरा गारवा लागला की शरीर हातापायांकडचे रक्त आवरते आणि पोट, हृदय, मेंदू यांना आधी पुरवते. त्यामुळे मुठी गार आणि बाळ उबदार, असे सर्रास असते. नवजात बाळांच्या भेटीला जाणाऱ्या आशा सेविका वापरतात ती तपासणी तुम्हीही करा. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपा. दोन्ही उबदार असतील तर काहीच करू नका. पोट उबदार पण पाय गार असतील तर शरीर ऊब राखण्यासाठी धडपडत आहे; एखादा कपडा वाढवा किंवा बाळाला आईजवळ द्या. पोटही गार लागले तर मात्र ते काळजीचे आहे. काखेत थर्मामीटर लावून तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअसमध्ये असावे.

आता बाळ आपल्यापेक्षा लवकर का निवते ते पाहू. बशीत ओतलेला चहा पातेल्यातल्या चहाच्या कितीतरी आधी गार होतो. माल थोडा आणि उघडा भाग जास्त. बाळाचेही तसेच. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतो, आणि त्यातही डोक्याचा वाटा मोठा. शिवाय आपल्याला थंडीत कुडकुडता येते, तान्ह्याला ते फारसे जमत नाही. त्याच्याकडे दोन खांद्यांच्या मध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ तपकिरी चरबीचा साठा असतो. तीच जाळून ते ऊब करते. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे हा साठा तुटपुंजा असतो, म्हणून त्याचे नियम वेगळे. तुमचा नातू त्यात मोडत नाही.

म्हणजे ऊब बाळाच्या आतूनच येते. स्वेटर, कौदी, दुपटे यांतले काहीही स्वतः गरम नसते. आत अडकलेल्या हवेमुळे ती फक्त आतली ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. एकदा हे ध्यानात आले की दुसरी बाजूही दिसते : गरजेपेक्षा जास्त ऊब कोंडली तर ती जाणार कुठे? आपण पांघरूण लाथाडतो, बाळाला ते लाथाडता येत नाही. मानेचा मागचा भाग ओलसर, गाल लाल, श्वास भरभर, ही बाळ उकडल्याची चिन्हे.

मग किती कपडे? त्या खोलीत तुम्हाला जेवढे लागतात त्यापेक्षा एक जास्त. हुबळी-धारवाडची थंडी काही सिमल्याची नव्हे. पहाटे बाहेर पारा पंधरा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. पण बंद खोलीत त्यापेक्षा बरीच ऊब राहते, आणि दुपारी तर बाहेर तिशीला टेकतो. पहाटे घातलेले दोन स्वेटर दुपारी दोन वाजताही अंगावर राहतात, खरी गडबड तिथे होते. ब्रिटनमधली सल्लापत्रके बाळ झोपते त्या खोलीत सोळा ते वीस अंश पुरेसे मानतात. इस्पितळात नुकत्याच जन्मलेल्या बाळाची खोली पंचवीस अंशांच्या पुढे ठेवतात, ते पहिल्या ओलेत्या तासांसाठी.

ओलेपणाबद्दल सांगायलाच हवे, कारण रात्रीच्या गारठ्याचा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पांघरुणाचा अभाव नसून ओला लंगोट असतो. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. आंघोळ म्हणूनच ऊन आल्यावर घाला, तेल-पाणी झाल्यावर काखा, मांड्यांच्या घड्या आणि डोके कोरडे पुसा. पहाटे कौदी वाढवण्याआधी लंगोट चाचपा.

कौदीवर माझा राग नाही. अशा कौद्या-गोधड्यांत दोन-तीन पिढ्यांची लुगडी नांदत असतात. पण ती बाळाच्या अंगावर नको, बाळाखाली घट्ट अंथरून चालेल. सैल, जड पांघरूण झोपेत तोंडावर आले तर बाळाला ते दूर सारता येत नाही. त्यापेक्षा अंगालगत सुती झबले, वर पायांपर्यंतचा एक उबदार कपडा, मोजे, आणि वाटलेच तर काखेखाली नीट खोचलेले पातळ दुपटे. दुपट्यात गुंडाळायचे तर छातीशी बेताने आणि कमरेखाली सैल. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद. कुंची बाहेर नेताना उत्तम, झोपताना काढा. डोक्यातून जादा ऊब बाहेर पडायची वाट मोकळी राहते आणि हनुवटीखालची नाडी गळ्याशी येत नाही.

आणि झोपवायचे पाठीवर. पाठीवर झोपले तर दूध वर येऊन ठसका लागेल, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. शरीराची रचना मात्र उलट सांगते. पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा अन्ननलिकेकडेच ओघळते. पालथे असताना ते श्वासनलिकेच्या तोंडाशी जमते. १९९१ पासून ब्रिटनने आणि १९९४ पासून अमेरिकेने पाठीवर झोपवण्याची मोहीम चालवली, आणि झोपेतच अचानक होणारे बालमृत्यू दोन्हीकडे निम्म्याहून कमी झाले.

आता विहीणबाईंची शेगडी. इथे मी अजिबात मवाळ होणार नाही. पूर्वीच्या घरांत कौलांच्या फटींतून, झरोक्यांतून वारा खेळायचा. आजच्या स्लॅबच्या, सरकत्या खिडक्यांच्या खोलीत निखारा धुमसू लागला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही. माय-लेकरू दोघांनाही धोका. ओवा-बाळंतशेपाची धुरी सुवासिक असली तरी बाळाच्या फुप्फुसांना तो धूरच. शेकायचेच असेल तर बाळंतिणीने गरम पाण्याची पिशवी घ्यावी, तीही बाळापासून लांब. त्या कोवळ्या कातडीला भाजायला वेळ लागत नाही.

लेकीचा हीटर त्या मानाने सौम्य. विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो, हा मात्र गैरसमज. तिथे काही जळतच नाही, ऑक्सिजन खाते ती शेगडी. हीटरने हवा तापते आणि कोरडी वाटू लागते, बाळाचे नाक चोंदते, इतकेच. झोपण्याआधी अर्धा तास लावून खोली ऊबदार करा आणि बंद करा. तुमच्या घरात तेवढीही गरज क्वचितच पडेल.

कारण सगळ्यात भरवशाचा हीटर घरात आहे : बाळाची आई. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा एदगार रे सानाब्रिया आणि एक्तोर मार्तिनेस या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच असे छातीशी धरल्यास खूप कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. आपल्या गडचिरोलीत तर डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, आणि बाळाला उबदार ठेवणे त्यांच्या शिकवणीत होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला, अर्थात त्यात जंतुसंसर्गावरच्या उपचारांचाही मोठा वाटा. २०११ पासून देशभर आशा सेविका घरी येऊन नवजात बाळ तपासतात, त्या कार्यक्रमाचे मूळ तिथे आहे. इस्पितळात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी ठरलेल्या असतात, शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. नातवाची ती आता जवळ आली असेल. पोट-पाय चाचपायचे कसे ते सेविकेकडून करून दाखवून घ्या.

पोट गार लागले तर करायचे हेच : बाळाचे कपडे उतरवून फक्त लंगोट आणि टोपडे ठेवायचे, आईच्या छातीला छाती लावायची, वरून दोघांना पांघरूण घालायचे आणि दूध पाजायचे. तासाभरात ऊब आली नाही, किंवा बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे.

एरवी रात्री बाळ आईच्या खोलीत, पण आपल्या वेगळ्या, सपाट, टणक अंथरुणावर. तुमच्याकडे कलघटगीचा लाखेच्या रंगांतला पाळणा असेल तर छानच. तळ सपाट आणि लाकडी असतो. त्यात जाड गादी, लोड नकोत. साडीची झोळी दिवसा डोळ्यांसमोर ठीक, रात्रभर नको. तिच्यात हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. आईच्या कुशीतच झोपायची सवय असेल तर तिचे पांघरूण तिच्या कमरेपर्यंतच राहू द्या. घरात कोणी विडी-सिगारेट ओढणारे असेल तर त्याने त्या बिछान्यात येऊ नये. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी कोणीच काढू नये, आजोबांनी तर नाहीच.

तेव्हा चौघींत सूनबाई खऱ्या. आणि तुमची ताजा कलमातली मोहरीची उशी : झोपेत नको. डोक्याचा आकार उशीमुळे येत नाही, सतत एकाच बाजूला मान ठेवल्याने मात्र तो बिघडतो. रात्री आळीपाळीने मान डावी-उजवीकडे वळवा, आणि बाळ जागे असताना, समोर तुम्ही बसलेल्या असताना, दिवसातून दोन-चारदा थोडा वेळ पालथे घाला. मोहरी फोडणीला ठेवा.