जीपमधील उतारू आणि विमा कंपनीची जबाबदारी

वेल्ह्याहून नसरापूरकडे येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलेला माणूस आत किती जण आहेत हे मोजत नाही. नऊ उतारूंच्या गाडीत चौदा बसतात, एखादा मागे लोंबकळतो, आणि एस. टी. चुकलेल्याला त्याचे काही वाटत नाही. गेल्या वर्षी अशाच एका जीपची मार्गासनीच्या पुढे टेम्पोशी टक्कर झाली. त्या जीपमध्ये माझी आई होती. तिच्या उजव्या गुडघ्याचे हाड मोडले. मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी, कायद्याचा नव्हे; परंतु घरात दुसरे कोणी शिकलेले नसल्याने कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले. त्या वाचनातून जे उमगले ते येथे मांडतो.

पहिली अडचण कायद्याची नव्हतीच. जीपवाला आमच्याच गावचा. "त्या पोराचं घर विकायला लावायचं का?" असे आई विचारी, आणि भावकीचेही तेच म्हणणे. पण १९३९ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला तो याचसाठी. जखमी माणसाची भरपाई गाडीमालकाच्या ऐपतीवर लोंबकळत राहू नये, हा त्यामागचा हेतू.

मग प्रश्न आला दोषाचा. टेम्पोवाला म्हणे जीप वळणावर मधून आली. जीपवाला म्हणे टेम्पो भरधाव होता. उतारूने काय करावे? दोन्ही चालकांच्या निष्काळजीपणाने अपघात झाला असेल, तर निर्दोष उतारू संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई खटल्यात स्पष्ट केले. कोणाचा वाटा किती, हा त्या दोघांचा व त्यांच्या विमा कंपन्यांचा आपसातला हिशेब.

हे तत्त्व आमच्याकडे फार मोलाचे ठरते, कारण जीप जादा भरलेली असते. हिमाचल प्रदेशातील एका बसच्या खटल्यात (अंजना श्याम, २००७) बसचा विमा ४२ उतारूंचा होता, बसलेले मात्र सुमारे ९०. न्यायालयाने ठरविले की कंपनीने सर्वांत मोठ्या ४२ रकमांची बेरीज भरावी, ती सर्व दावेदारांत प्रमाणशीर वाटावी, आणि उरलेले पैसे ज्याने त्याने मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे फक्त जीपच्या विम्यावर विसंबले, तर कमी पडणारी रक्कम अखेर त्या पोराच्या घरावरच येणार! टेम्पोच्या कंपनीला मात्र ही सबब नाही. तिच्या दृष्टीने जीपमधले चौदाही जण त्रयस्थच. म्हणून दोन्ही वाहनांचे मालक आणि दोन्ही कंपन्या यांना प्रतिपक्ष करणे शहाणपणाचे. (टेम्पोतच मागे बसून गेलो असतो तर? मालवाहू गाडीत फुकट वा भाडे देऊन बसणाऱ्याला सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही. लावणीच्या दिवसांत आपण सगळेच तसे जातो.)

भरपाई किती, हाही वादाचा विषय. डॉक्टर दाखल्यावर गुडघ्याच्या अधूपणाचा टक्का लिहितात. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार खटल्यात सांगितले की अवयवाचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून उभी राहणारी बाई गुडघ्याने अधू झाली, तर तिची मजुरी किती बुडाली हे पाहावे लागते. आमच्या वकिलांनी त्यासाठी आई ज्यांच्या खाचरात लावणीला जाई त्यांची साक्ष काढायचे ठरवले आहे.

दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी ठोक अडीच लाख रुपये मिळण्याची सोय कलम १६४ मध्ये आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा, अशी अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. भावकीची समजूत घालण्यातच आमचे चार महिने गेले. पाचव्या महिन्यात पुण्याच्या न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. जीपच्या विम्याची झेरॉक्स त्या पोरानेच घरी आणून दिली, आणि जाताना आईला विचारले, "काकू, माझं नाव किती नंबरला आहे?"