रोजचे शंभर किलोमीटर

कुंभकोणम

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

कुंभकोणमहून मुक्तिनाथपर्यंत सायकलने जायचा तुझा बेत आणि त्यासाठी आखलेला तक्ता, दोन्ही मिळाले. जाऊ नकोस, असे मी म्हणणार नाही. आपला शार्ङ्गपाणी आणि नेपाळातला मुक्तिनाथ ही दोन्ही क्षेत्रे विष्णूच्या १०८ दिव्यदेशांतली. एकाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारी स्वतःच्या पायांच्या बळावर पोचावे, यात गैर काही नाही. माझी हरकत आहे ती तक्त्यातल्या एकाच आकड्याला. अडीच हजारांहून अधिक किलोमीटरना तू रोजच्या शंभराने भागलेस आणि महिन्याभरात मोकळा झालास. हा भागाकार कावेरीकाठच्या सपाटीवर बसूनच सुचू शकतो. आपल्या भागात डोंगर म्हणून दाखवायचा तर स्वामिमलै, तोही माणसांनी रचलेला, साठ पायऱ्यांचा.

घाटात किलोमीटर मोजून काही कळत नाही, तिथे उंची मोजावी लागते. तू, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धर. दिवसभर टिकेल असा जोर नवख्या माणसाला साधारण १०० वॅटचा लावता येतो आणि तेवढ्या जोरावर हे वजन तासाला जेमतेम ३५० मीटर उंच चढते. उदाहरणार्थ, निलगिरीतला मेट्टुपाळयम ते कोत्तगिरी हा घाट तीस-बत्तीस किलोमीटरचा, चढ सुमारे १५०० मीटर. म्हणजे चार तासांहून जास्त नुसते पेडल मारणे. पाणी, खाणे, दम घेणे वेगळे. निलगिरीच्या आगगाडीला जिथे १२ ला १ असा चढ आहे, तिथे तिलासुद्धा दातेरी रूळ लागतो. तेवढ्या चढावर तुझा वेग ताशी चार-साडेचार किलोमीटर पडेल, म्हणजे चालणाऱ्याइतका. इतक्या हळू जाताना पाय सुखाने फिरायचे तर पुढच्या चेनरिंगचे दात मागच्या सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटपेक्षा कमी हवेत, नाहीतर सगळा भार गुडघ्यांवर येतो. दुकानदार तुला हलकी फ्रेम दाखवील. तू आधी गिअर पाहा. आणि वजन कमी करायचे तर ते पॅनिअरच्या पिशव्यांमधून कर. दहा किलो घटले की चढाचा दहावा हिस्सा वेळ वाचतो. तंबू आणि स्टोव्ह घरी ठेव. तंजावरच्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र ही धर्मशाळा बांधली ती रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूला पाठीवर घर घेऊन चालावे लागू नये म्हणूनच. आज छत्रांची जागा लॉजने घेतली आहे आणि मुक्तिनाथच्या वाटेवरही गावोगावी मुक्कामाची सोय होते.

संथ जाण्याचे त्याहून मोठे कारण उंचीचे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. पाय कितीही तयार असले तरी शरीर विरळ हवेला आपल्याच गतीने सरावते. जोमसोम २७०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ ३७०० च्या वर. तुझ्या तक्त्यात हा चढ आणि वरचा मुक्काम एकाच दिवसात आहेत. त्याऐवजी कागबेनीला दोन रात्री काढ, पहाटे वर जा आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली उतर. कालीगंडकीच्या खोऱ्यात उन्हे तापली की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो. परतताना तो तोंडावर येतो आणि उतार असूनही पेडल मारावे लागतात. म्हणून तिथला दिवस सकाळी दहाअकरालाच संपला असे धर.

संथ जाणाऱ्याचा पल्ला थोडा, असे तुला वाटत असेल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १८ मार्च १९२८ ला पुरी केली, सुमारे ७१,००० किलोमीटर. मधल्या सगळ्या दिवसांनी भागून पाहा: रोजचे चव्वेचाळीस. यावर तू पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे नाव घेशील. तिने २०१८ मध्ये १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर तोडले, हे खरेच. पण ती वेळेशी लावलेली शर्यत होती आणि तिची आखणी त्यासाठीच होती. तुला दर्शनाला जायचे आहे.

तुझा दुसरा मुद्दा, सुट्टी मर्यादित आहे हा, मला जास्त वजनदार वाटतो. सीमेपलीकडे संथपणाला पैसेही पडतात. भूतानमध्ये भारतीयांनासुद्धा दर रात्रीचे १२०० रुपये शुल्क आहे; तिथे माझा सल्ला खिशाला परवडणार नाही. नेपाळात मात्र आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे आणि अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. तरीही दिवस कमी पडत असतील तर वाट कमी कर, मुक्कामाचे दिवस नको. गोरखपूरपर्यंत सायकल रेल्वेने पाठव आणि सीमेवरच्या सोनौलीहून पुढे चालव. तसे पटत नसेल तर पोंगल उरकताच नीघ, म्हणजे विदर्भातला उन्हाळा तापायच्या आत नागपूर मागे पडेल आणि मार्चअखेर तू कालीगंडकीच्या खोऱ्यात असशील.

त्याआधी एकदा पुरे सामान लादून कोत्तगिरी चढ, आणि उतरताना ब्रेक किती तापतात तेही पाहून ठेव. पुढे मुदुमलै-बंदीपूरमार्गे कर्नाटकात उतरायचे मनात असेल तर तो रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, आणि दिवसाही जंगलातून सायकल सोडतील असे गृहीत धरू नकोस; नाक्यावर आधी विचार. मग नवा तक्ता पाठव. त्यात किलोमीटरच्या शेजारी चढाच्या मीटरचा आणि झोपायच्या उंचीचा रकाना असू दे.

तुझा,
मामा