शालेय बागेतील आंतरपीक : एक पाठ

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ प्राथमिक शाळांना प्रशस्त आवार लाभलेले नाही. अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर मोकळी जमीन मिळाली तरी ती मोठीच म्हणावयाची. अशा शाळांतील शिक्षक शालेय बागेविषयी दोन अडचणी सांगतात. पहिली, जागा पुरत नाही. दुसरी, वांगी-मिरचीची रोपे लावल्यावर दोन-अडीच महिने हाती काहीच येत नाही. तोवर मुलांचा उत्साह मावळतो आणि वाफ्यात तण माजते. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे. तो आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि तो वर्गातील उत्तम पाठही होऊ शकतो. तो उपाय म्हणजे सावकाश वाढणाऱ्या पिकाच्या ओळींमध्ये लवकर येणारे पीक घेणे.

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार देशापुढे ठेवला. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, व मध्यान्ह भोजन योजनेस २०२१ मध्ये प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण हे नाव मिळाले. या योजनेत प्राथमिक वर्गातील मुलामागे दररोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण आहे. साठ मुलांच्या शाळेस ही भाजी ३ किलो होते. एका-दोन वाफ्यांतून ती रोज निघणार नाही, हे प्रथमच स्पष्ट समजून घ्यावे. परंतु आठवड्यातून एखादा दिवस तरी मुलांनी स्वतः पिकविलेली ताजी पालेभाजी त्यांच्या ताटात पडली, तर तिचे मोल केवळ वजनात मोजता येणार नाही.

तत्त्व

बाजरीत तुरीच्या ओळी पेरण्याची रीत मुलांनी घरच्या शेतात पाहिलेली असते. काही भागांत अशा पिकास इरवड म्हणतात. बाजरी सुमारे तीन महिन्यांत निघते. तूर मागे राहते व मोकळ्या झालेल्या जागेत पसरते. पाठाचा आरंभ याच उदाहरणाने करावा. मग विचारावे, “दोन्ही पिके एकदम पेरली, तरी ती एकमेकांस अडचण का करीत नाहीत?” मुले बोलू लागतील, तसतशी पुढील तीन कारणे त्यांच्याच तोंडून काढून घ्यावीत.

१. काळ : दोन्ही पिकांची जागेची गरज एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही.
२. उजेड : लवकर येणारे पीक बुटके असल्यास मुख्य पिकावर त्याची सावली पडत नाही.
३. मूळ : पालेभाजीची मुळे बहुधा वरच्या थरात असतात, वांग्यासारख्या झाडाची मुळे पुढे खोल जातात.

जागेचे गणित

वाफा ३ मीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद आखावा. दोन्ही कडांपासून ३० सेंटिमीटर आत अशा वांग्याच्या दोन ओळी घ्याव्यात. ओळींत व रोपांत ६०-६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. एका ओळीत पाच, याप्रमाणे दहा रोपे बसतात. वाफ्याचे क्षेत्रफळ ३६,००० चौरस सेंटिमीटर झाले. लागणीच्या वेळी प्रत्येक रोपास २० सेंटिमीटर बाजूचा चौरस पुरतो असे धरले, तर दहा रोपांनी ४,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वाफ्याचा अवघा नववा हिस्सा व्यापला. उरलेले आठ हिस्से काही आठवडे रिकामे राहतात. इयत्ता पाचवीच्या मुलांनी हे मोजमाप फळ्यावर न करता वाफ्यातच, दोरी व मोजपट्टी घेऊन करावे. रिकामी जागा डोळ्यांना दिसली म्हणजे पुढचा विचार त्यांना आपोआप सुचतो.

कृती

जूनमध्ये शाळा उघडताच वांग्याचे बी गादीवाफ्यावर टाकावे. चार ते पाच आठवड्यांनी रोपे लागणीस येतात. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन पिके घ्यावयाची असल्याने नेहमीपेक्षा दोन-तीन घमेली अधिक द्यावीत. एका पिकाच्या खतावर दोन पिके पोसण्याचा लोभ धरू नये.

रोपे लावली त्याच दिवशी दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात, रोपांपासून २० सेंटिमीटर अंतर राखून, मेथीच्या दोन ओळी पेराव्यात. दोन्ही कडांना रोपापासून तितक्याच अंतरावर मुळ्याची एकेक ओळ टोकावी. मुळ्याच्या दोन बियांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका ओळीत सुमारे ३० मुळे बसतात. बी फार खोल घालू नये. ते एक-दीड सेंटिमीटर मातीखाली पुरे. जोराचा पाऊस पडणाऱ्या भागात मेथी सडते. तेथे हा प्रयोग पाऊस ओसरल्यावर, रब्बीत करावा.

मेथी २५ ते ३० दिवसांत, मुळा ४० ते ४५ दिवसांत काढणीस येतो. वांग्याची पहिली फळे लागणीनंतर साधारण दोन महिन्यांनी मिळू लागतात. म्हणजे मुलांना आधी मेथी, मग मुळा व त्यानंतर वांगी, असे एकाच वाफ्यातून क्रमाने काही ना काही मिळत राहते.

काढणीची शिस्त

या पद्धतीत पेरणीपेक्षा काढणी अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक ठिकाणी प्रयोग फसतो तो येथेच. मेथी हिरवीगार दिसते, म्हणून ती आणखी आठ दिवस ठेवण्याचा मोह होतो. मुळ्याला डिंगऱ्या येऊ द्या, असा मुलांचा आग्रह असतो. तेवढ्या दिवसांत वांग्याची रोपे दाटीत उंच व किरकोळ होतात, आणि मुळाही जून होऊन खाण्यास निरुपयोगी ठरतो. म्हणून काढणीची तारीख पेरणीच्या दिवशीच पाटीवर लिहून वाफ्याशेजारी रोवावी. डिंगऱ्या हव्याच असतील, तर दोन-चार मुळे बागेच्या बांधावर निराळे लावावेत.

काढणीपूर्वी थोडे पाणी द्यावे, म्हणजे माती सैल होते. रोपाजवळची मेथी उपटू नये, खुरप्याने कापावी. वांग्याच्या मुळांस धक्का लागता कामा नये. उपटलेल्या मेथीच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात, हे विज्ञानाच्या तासाला दाखवावे. मुळे काढल्यावर माती भुसभुशीत करून वांग्यास भर द्यावी.

एक दक्षता कटाक्षाने पाळावी. मध्ये पालेभाजी उभी असताना वांग्यावर कोणतेही रासायनिक औषध फवारू नये. ती भाजी काही दिवसांत मुलांच्याच पोटात जाणार आहे. शेंडा पोखरणारी अळी दिसल्यास सुकलेले शेंडे खुडून नष्ट करावेत.

जोड्यांची निवड

कोबी ७५ ते ९० दिवसांचा. त्याच्या ओळींत कोथिंबीर किंवा पालक चालतो. मुळा व कोबी मोहरीच्या एकाच कुळातील असून त्यांच्यावर काही किडी समान पडतात, म्हणून ही जोडी टाळावी. त्याच कारणाने वांगे, टोमॅटो व मिरची एकमेकांत मिसळू नयेत. भेंडी व मका भराभर उंच होऊन सावली धरतात. भोपळ्याचा वेल सारा वाफा व्यापतो. हळद आठ-नऊ महिने जमिनीत राहते. तिच्या आरंभीच्या काळात कोथिंबीर घेता येते. पपईच्या दोन झाडांमधील जागेत तर पहिले काही महिने कोणतीही पालेभाजी घ्यावी.

नोंद व तुलना

शक्य असल्यास त्याच मापाच्या दुसऱ्या वाफ्यात नुसती वांगी लावावीत. खत, पाणी व लागणीचा दिवस सारखाच ठेवावा. प्रत्येक काढणीचे वजन मुलांनी वहीत लिहावे. पहिल्या वाफ्यात वांगी थोडी कमी निघाली, तर ते लपवू नये. मेथी व मुळा धरून एकूण लाभ झाला की तोटा, हा निर्णय मुलांनी स्वतःच्या आकड्यांवरून करावा. शिक्षकाच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या नोंदीवर विश्वास ठेवण्यास मूल येथे शिकते, आणि बागेचे खरे पीक हेच होय.

पाणी घालणे व खुरपणी ही कामे आठवड्याच्या पाळीने सर्व मुलामुलींना सारखी द्यावीत. त्याच त्या मुलांवर भार टाकू नये व बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत वांगी भर फळावर असतात. सुट्टीतील पाण्याची व काढणीची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आधीच ठरवून ठेवावी.

स्वाध्याय

१. आपल्या वाफ्यातील रिकाम्या जागेचे क्षेत्रफळ लागणीच्या दिवशी व त्यानंतर दर पंधरा दिवसांनी काढा.
२. मेथी, पालक व भेंडी यांपैकी कोबीच्या ओळींत कोणते पीक घेऊ नये? कारण सांगा.
३. घरच्या शेतात एकत्र घेतली जाणारी दोन पिके कोणती, ती किती दिवसांत निघतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.