नळ गेला की नालीचे पाणी कुठे जाते?

लोहा शहरातली वस्ती असो की तालुक्यातले गाव, आपल्याकडे नळ रोज येत नाही. आला की सगळी गल्ली घागरी, हंडे, ड्रम घेऊन धावते. पाणी स्वच्छ दिसते, म्हणून आपण ते पितो. दोन-तीन दिवसांत घरातल्या लेकराला हगवण लागते आणि आपण म्हणतो, बाहेरचे काही खाल्ले असेल. त्या वेळी नळाच्या पाईपाकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून या वेळी मुख्य वाहिनीपासून आपल्या माठापर्यंतचा पाण्याचा रस्ता आपण पाहू.

पाईपात घाण कशी शिरते?

नळ चालू असतो तेव्हा पाईपात दाब असतो. पाईपाला भेग असेल तर पाणी बाहेर उडते, बाहेरचे आत येत नाही. नळ गेला की दाब सुटतो, पाईप रिकामा होऊ लागतो आणि तीच भेग बाहेरचे पाणी आत ओढते. आपल्या गल्ल्यांत नळाचे पाईप बहुतेक नालीच्या कडेने किंवा नालीतूनच जातात. म्हणजे आत ओढले जाते ते नालीचे पाणी. पुढच्या वेळी नळ आला की ही घाण सगळ्यांच्या आधी आपल्या घागरीत पडते.

कर्नाटकातल्या हुबळी-धारवाड शहरांत याचा अभ्यास झाला आहे. तिथे काही वॉर्डांना चोवीस तास पाणी होते आणि बाकीच्यांना काही दिवसांआड. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात विष्ठेतले जंतू जास्त वेळा सापडले. नळ सुरू होतानाच्या पहिल्या पाण्यात आणि पावसाळ्यात हे प्रमाण अधिक होते.

आपल्या राज्यातले उदाहरण इचलकरंजीचे. २०१२ साली तिथे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. ही कावीळ हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. दूषित पाणी पोटात गेल्यावर ती दोन ते दहा आठवड्यांनी दिसते, म्हणून कोणत्या पाण्याने झाली हे लक्षातच येत नाही. गरोदर बाईला ती झाली तर जिवावर बेतू शकते. घरात गरोदर लेक-सून असेल तर तिच्या पाण्याची काळजी आधी घ्या.

आपल्या हातून होणाऱ्या चुका

पहिली चूक टिल्लू मोटारीची. नळाला थेट मोटार लावली की ती वाहिनीतले पाणी जोराने ओढते. पाणी कमी पडले की भेगांतून नालीही ओढते आणि शेजाऱ्याच्या नळाला धार राहत नाही. पाणी आधी हौदात किंवा ड्रममध्ये पडू द्या, मग तिथून मोटारीने वर चढवा.

दुसरी चूक खड्ड्याची. धार येत नाही म्हणून आपण खड्डा खणून नळ खाली घेतो. त्या खड्ड्यात धुण्या-भांड्याचे पाणी साचते, नळाचे तोंड त्यात बुडते आणि नळ गेला की तेच पाणी पाईपात उलटे जाते.

तिसरी चूक नळीची. नळाला लावलेली नळी ड्रमच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. नळीचे तोंड आणि पाणी यांत वीतभर अंतर ठेवा. काम झाले की नळी काढून उंच टांगा आणि नळाला तोटी बसवा.

चौथी चूक जोडाची. फुटलेल्या पाईपाला रबर आणि चिंधी बांधून भागत नाही. ती जागा नालीच्या वर उचलून नवा जोड घाला. पिण्याच्या पाण्यासाठी पीव्हीसी पाईप घेताना त्यावर आयएसआय खूण आणि आयएस ४९८५ हा क्रमांक पाहा. वायरिंगचा पाईप स्वस्त पडतो, पण तो पिण्याच्या पाण्यासाठी नाही.

घरात काय करावे?

नळ आल्यावर पहिल्या एक-दोन बादल्या धुण्याला, सडा-सारवणाला वापरा. पाणी निवळ आले की पिण्याचे भरा. चार पदरी फडक्याने गाळा. पाणी खळखळ उकळू लागले की किमान एक मिनिट तसेच उकळू द्या. सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे औषध किंवा गोळ्या घ्या, लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. माठ झाकून ठेवा व लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा. हात आणि पेला माठात बुडवू नका.

घराची आणि विहाराची टाकी वर्षातून निदान दोनदा धुवा. एकदा १४ एप्रिलच्या आधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. ५०० लिटरची टाकी घासून पाण्याने भरा. १०० ग्रॅम ताजी टीसीएल पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे पाणी टाकीत ओता. रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळ्या तोट्यांतून सोडून द्या. हे पाणी पिऊ नका. पावडर डोळ्यांत जाऊ देऊ नका. नंतर टाकी साध्या पाण्याने धुवा.

लेकराला जुलाब झाले तर लगेच ओआरएस सुरू करा, अंगावरचे दूध बंद करू नका. लेकरू सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

हे एकट्याचे काम नाही

आपल्या दारातला पाईप आपण दुरुस्त करू. पण नालीतून गेलेली मुख्य वाहिनी हलवणे आणि नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत क्लोरीन पोचवणे हे नगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे काम आहे. प्रमाणानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. ओटी तपासणीत पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे असे समजावे. ही तपासणी आपल्या गल्लीच्या शेवटच्या नळावर करा, अशी मागणी करा. अर्ज लेखी द्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच जपून ठेवा. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. शुद्ध पाणी मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नाही.

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात जमतोच. एका संध्याकाळी वाचन झाल्यावर दहा मिनिटे द्या. प्रत्येक गल्लीतले दोघे ठरवा, एक बाई आणि एक तरुण. पुढच्या वेळी नळ येईल तेव्हा त्यांनी गल्लीभर फिरून कुठला पाईप नालीत आहे, कुठे गळती आहे, कुठला नळ खड्ड्यात आहे हे वहीत लिहून घ्यावे. अर्जाला हीच यादी जोडा.