तुटलेला बोल्ट काय सांगतो?

बैलगाडीत बसून लांबचा प्रवास केलेल्या माणसाला विचारा. चाक खड्ड्यात गेले की कंबरेला हिसका बसतो. टांग्यात तेवढा बसत नसे. का बरे? टांग्याला खाली लोखंडी कमान असे. पट्टीवर पट्टी ठेवून केलेली ही कमान ओझ्याखाली वाकते, पुन्हा पूर्वीसारखी होते, आणि हिसका आपल्या अंगावर घेते.

टेम्पो, पिकअप, ट्रक यांच्या मागच्या चाकांवरही अशाच कमानी असतात. कारागीर त्यांना पाटे म्हणतात. पाटे गाडीला बोल्टांनी जोडलेले असतात. बोल्ट हातभरसुद्धा लांब नसतो. पण सगळे ओझे त्याच्या भरवशावर चालते. असा एक बोल्ट तुटला तेव्हा काय झाले, ते आज वाचू या.

आमच्या रात्रीच्या वर्गात मुरबाडकडचे एक शेतकरी भाऊ येत. त्यांच्याकडे जुनी पिकअप होती. गावची भाजी भरून ते पहाटे कल्याणच्या बाजार समितीत नेत. कधी कधी भाजीच्या पोत्यांवर गावच्या चार-पाच बायाही बसून येत. गाडी मागे खाली बसू लागली, तेव्हा भाऊंनी ठरविले की दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवावा. म्हणजे गाडी उंच राहील आणि मालही जास्त भरता येईल. रविवारी दुपारी ते गॅरेजात निघाले. आम्हालाही कल्याणला यावयाचे होते, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर होतो.

मिस्त्रींनी पाट्याच्या पुढच्या कडीतला बोल्ट सोडावयास घेतला. तो हलेना. मग त्यांनी पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली आणि जोर केला. कट्‌ आवाज झाला. बोल्टचे डोके पान्यात आले आणि बाकीचा तुकडा चासीच्या नटात अडकून राहिला.

भाऊ घाबरे झाले. "मिस्त्री, पहाटेला भाजी न्यायचीय हो. आता कसं?"

मिस्त्री म्हणाले, "दादा, वरून वेल्डिंगचा टाका मारून देतो. आजची वेळ निभावेल."

आम्ही म्हटले, "टाका मारायच्या आधी तो तुकडा जरा पुसून दाखवा."

तुकडा पुसला. बोल्ट जिथे तुटला होता तिथे दोन रंग दिसले. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला आणि गुळगुळीत होता. उरलेला भाग चांदीसारखा चमकत होता व खरखरीत होता.

वाचकहो, हे दोन रंग म्हणजे दोन ओळी आहेत. काळी ओळ सांगते, "मला चीर पडून बरेच दिवस झाले. चिरेत पाणी गेले, गंज चढला." चमकणारी ओळ सांगते, "मी आत्ता तुटले." म्हणजे बोल्ट त्या दुपारी तुटला असे दिसत असले, तरी तो कित्येक दिवसांपासून तुटतच होता. उरलेल्या जराशा लोखंडावर भाऊ भाजी नेत होते आणि माणसेही नेत होते.

हाच बोल्ट भर रस्त्यात तुटला असता तर? पाट्याचे पुढचे टोक सुटले असते. मागचा आस एका बाजूने सरकला असता. चाके तिरकी झाली असती आणि गाडी चालविणाऱ्याच्या हातात राहिली नसती. भाऊ ते ऐकून काही बोलले नाहीत. तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

बोल्टला चीर कशी पडते?

एक तार घ्या. ती वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. थोड्या वेळाने ती तुटते. एकदाच ओढून जी तुटली नसती, ती वाकवून वाकवून तुटते. लोखंडही असेच थकते. बोल्ट घट्ट असतो तेव्हा जोडलेले भाग एकमेकांना चिकटून राहतात. बोल्ट सैल झाला की दर खड्ड्याला त्याला हिसका बसतो. त्याच्या आट्यांत किंवा डोक्याखाली बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी वाढते.

त्यात गंजाची भर पडते. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. मीठ असले तर लवकर धरतो. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ठाण्याला खाडी आहे, कल्याणलाही खाडी आहे. चिखल आणि खारी हवा गाडीच्या पोटाखाली मुक्काम करते. गंजाने बोल्ट झिजतो आणि नटात घट्ट बसतो.

तिसरे कारण म्हणजे अती जोर. इथे थोडे गणित करू. पाना अर्धा मीटर लांब आहे आणि आपण २० किलोचा जोर लावला. २० गुणिले अर्धा म्हणजे १०. आता नळी घालून तोच पाना १ मीटर केला. २० गुणिले १ म्हणजे २०. हाताचा जोर तेवढाच, पण बोल्टला पीळ दुप्पट बसला. नळी घातली की आपल्याला सोपे वाटते. बोल्टला मात्र ते अवघड जाते.

अडकलेला तुकडा कसा काढतात?

मिस्त्री चांगले कारागीर होते. त्यांनी टाका मारण्याचा विचार सोडला. पुढचे काम त्यांनी असे केले. तुम्ही स्वतः हे करू नये. पण काम नीट होत आहे की नाही, हे तुम्हाला कळले पाहिजे.

१. गाडी सपाट जागी उभी होती. पुढच्या चाकांना दगड लावले. गाडी जॅकने उचलली व चासीखाली भक्कम घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक घसरला तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

२. तारेच्या ब्रशने गंज काढला. गंज सैल करणारे तेल दोन्ही बाजूंनी सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. या कामात घाई करणाऱ्याचे काम दुप्पट होते. काही कारागीर गॅसने नट तापवितात. तापल्यावर नट फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पण जवळ ब्रेकची नळी, तेलाची नळी किंवा रबरी बुश असेल तर आग लावू नये.

३. तुकडा बाहेर डोकावत असता, तर तो पकडीने धरून फिरविता आला असता, किंवा त्यावर एक नट वेल्ड करून पान्याने काढता आला असता. इथे तो आत होता. म्हणून सकाळी मिस्त्रींनी त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण केली आणि बारीक ड्रिलने सरळ भोक पाडले. मग थोडे मोठे ड्रिल घातले. भोक तिरके गेले तर नटाचे आटे खराब होतात.

४. भोकात उलट्या आट्यांचे हत्यार घातले. त्याला इझीआउट म्हणतात. ते डावीकडे फिरविले की तुकड्यात रुतते आणि तुकडा घेऊन बाहेर येते. हे हत्यार कडक असते, पण ठिसूळही असते. जोर केला तर ते आतच मोडते आणि मग साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. मिस्त्रींनी थोडे फिरविले, थांबले, तेल घातले, पुन्हा फिरविले. दहा मिनिटांत तुकडा बाहेर आला.

५. शेवटी नटात टॅप फिरवून आटे साफ केले. आटे बिघडले असते तर काम लेथवर न्यावे लागले असते. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, अशा ठिकाणी लेथवाले मिळतात.

नवा बोल्ट घेताना काय वाचावे?

भाऊ दुकानात गेले. दुकानदाराने दोन बोल्ट पुढे ठेवले. दोन्ही दिसायला सारखेच. आम्ही भाऊंना म्हटले, "आता तुमची परीक्षा. डोक्यावर काय लिहिले आहे?" भाऊंनी डोळे बारीक करून एकावरचे इंग्रजी आकडे वाचले, "आठ टिंब आठ." दुसऱ्यावर काहीच नव्हते.

८.८ याचा अर्थ असा. पहिला ८ सांगतो की एक चौरस मिलिमीटर लोखंड तुटावयास सुमारे ८० किलोचा ताण लागतो. दुसरा ८ सांगतो की त्या ताणाच्या दहापैकी आठ हिश्श्यांपर्यंत बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येतो. त्यापुढे तो कायमचा लांबतो. ४.६ लिहिलेला बोल्ट ८.८ च्या निम्म्या ताणालाच तुटतो. ज्याच्यावर काहीच लिहिलेले नाही, त्याचा भरवसा पाट्याला देऊ नये. जुन्या बोल्टवर जे आकडे होते त्याच दर्जाचा, त्याच जाडीचा, त्याच आट्यांचा बोल्ट घ्यावा.

आट्यांचीही भाषा वेगवेगळी असते. पूर्वी मुंबईत ज्या विलीज जीप जोडत, त्यांचे बोल्ट इंचांच्या मापाचे. आजच्या गाड्यांचे मिलिमीटरच्या मापाचे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बळेच घातला तर दोघांचेही आटे जातात.

नवा बोल्ट आधी हाताने फिरवून बसविला. गाडी खाली उतरविली, चाकांवर वजन आले, तेव्हा तो शेवटचा आवळला, म्हणजे बुशाच्या रबराला पीळ बसत नाही. आसाला पाटे बांधणारे यू-बोल्टही नवे घातले. ते समोरासमोर, थोडे थोडे आवळले. किती आवळावयाचे याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तेवढाच जोर दाखविणारा पानाही मिळतो. भरल्या गाडीची एक खेप झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासावयाचे असतात.

पाटा वाढविला का?

एक प्रश्न राहिला होता. आम्ही भाऊंना गाडीचे नोंदणीपत्र काढावयास सांगितले. अक्षरे इंग्रजी होती, पण आकडे त्यांना लागले. रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे एकूण वजन, असे दोन आकडे. भाऊंनी वहीत वजाबाकी केली. उत्तर आले ते पाहून ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही तर याच्या दीडपट भरतो की!"

पाटा वाढविला म्हणून नोंदणीपत्रातले वजन वाढत नाही. पाटा दणकट झाला तरी ब्रेक, टायर, आस आणि बोल्ट जुनेच राहतात. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये. आणि मालाच्या गाडीत पोत्यांवर माणसे बसविणे तर मुळीच नको.

भाऊंनी पाटा वाढविला नाही. झिजलेले पाटे बदलून तेवढेच नवे घातले. सोमवारची भाजी शेजाऱ्याच्या टेम्पोने गेली. त्याचे भाडे द्यावे लागले. आता ते दोन खेपा करतात, माल मोजून भरतात, आणि बाया एस.टी.ने येतात. तो तुटका बोल्ट त्यांनी टाकला नाही. गाडीत समोरच ठेवला आहे. कोणी म्हणाले, "दादा, अजून दोन पोती टाका की," तर ते तो बोल्ट त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "आधी हा वाच."

आठवून सांगा

१. तुटलेल्या बोल्टवर दोन रंग का दिसले?
२. पाना अर्धा मीटर लांब आहे व जोर ३० किलो आहे. १ मीटरची नळी घातली तर पीळ किती पट होईल?
३. तुमच्या गावात मालाची गाडी कोणाकडे आहे? तिच्या नोंदणीपत्रातले दोन आकडे वाचा आणि वजाबाकी करा.